गुरांच्या मागे गेलेली शाळा

चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक गंजाड, रानशेतवरून डहाणूच्या समुद्राकडे उतरते, दुसरी कासा ओलांडून जव्हारच्या डोंगराकडे चढते. महामार्गानेच उत्तरेला गेले की तलासरी आणि पुढे गुजरातची हद्द. नाक्याजवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेला तिची जत्रा भरते, तेव्हा वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया अशी सगळी माणसे हद्दीच्या अलीकडून-पलीकडून इथे लोटतात. बाकीचे वर्षभर चारोटी म्हणजे ट्रक, टपऱ्या आणि टोलनाका.

नूतन बालशिक्षण संघाचे केंद्र चारोटीला नाही, ते पश्चिमेला कोसबाडच्या टेकडीवर आहे. तरी शताब्दीच्या स्मरणिकेतला हा इतिहास मी मुद्दाम नाक्यापासून सुरू करतो. संस्थेकडे टेकडीवरून पाहायची आपल्याला सवय लागली आहे. संस्थेचे काम पुढे नेणाऱ्या अनुताई वाघांच्या आत्मकथनाचे नावच ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असल्याने ते साहजिकही आहे. पण ज्या मुलांसाठी संस्थेची शाळा निघाली ती मुले टेकडीवर राहत नव्हती. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर त्यांची घरे होती, सकाळी गुरे सोडायची आणि दिवेलागणीला परत आणायची हा त्यांचा दिवस होता. त्या मुलखाची जमीन कशी होती आणि तिच्यातून पैसा कोण काढत होता हे कळल्याशिवाय संस्थेने पुढे काय केले ते नीट कळणार नाही.

सखल भागात भाताची खाचरे, वर सागाचे आणि ऐनाचे जंगल, आणि या दोहोंच्या मध्ये वरकस. वरकस म्हणजे भात न होणारी, खडकाळ, उताराची जमीन. पावसाळ्यात तिच्यावर माणसाच्या कमरेएवढे गवत माजते. बाहेरच्या माणसाला ती पडीक वाटेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या पट्ट्यात सावकार-जमीनदारांचे नगदी पीक भाताइतकेच गवतही होते. मुंबई वाढत होती. शहरात दुधाचे तबेले होते, व्हिक्टोरियाची घोडी होती, १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामसुद्धा घोडी ओढत होती. या सगळ्या जनावरांना वैरण हवी आणि समुद्राकाठाने जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे डहाणू, घोलवड, उंबरगाव अशी स्टेशने करत थेट मुंबईत पोचत होती. दिवाळीच्या आसपास गवत पिकले की कापणी, मग भारे वखारीत, तिथे दाबून गाठी, आणि गाठी वॅगनमध्ये.

कापणी वारली करत. कुरण सावकाराचे, वखार सावकाराची, काटाही सावकाराचाच. वजन किती भरले हे वहीत लिहिणारा त्याचा दिवाणजी. वही वाचता येणारा कापणाऱ्यांत कोणी नाही. लग्नासाठी कर्ज काढलेला गडी कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, सावकाराच्या दारी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. त्याची बायको घरकामाला, पोरे सावकाराची ढोरे राखायला. १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला मुंबई इलाख्यातील आदिवासी भागांची पाहणी करायला नेमले. १९३९ च्या त्याच्या अहवालात वेठ, मारहाण, लग्नगडी यांचे जे वर्णन आहे ते सरकारी भाषेत असूनही अंगावर येते. ज्यांना हा इतिहास केवळ चळवळीच्या घोषणांतला वाटतो त्यांनी तो अहवाल वाचावा. आय. सी. एस. अधिकाऱ्याला लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांचे, प्रेम असायचे कारण नव्हते.

कुरणाचे दप्तर असे सगळे मालकाच्या बाजूचे. वखारीच्या खतावण्या, कर्जाचे दस्त, रेल्वेच्या बिल्ट्या, तालुक्याचे उतारे. त्यात आणखी एक वही धरली पाहिजे, कोंडवाड्याची. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमण कायद्याने दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालता येते आणि दंड भरल्यावरच सुटते. ढोर डुलकीच्या वेळी भातात शिरले की दंड मोठ्यांना आणि मार पोराला. सात-आठ वर्षांच्या गुराख्याच्या मनात शाळेच्या घंटेपेक्षा कोंडवाड्याची धास्ती का जास्त असे, ते यावरून समजेल. या इतक्या वह्यांत जनावरे मोजलेली आहेत, गवत पौंडांत तोललेले आहे. त्यांच्यामागे चालणारे पोर मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

संस्थेचा जन्म या मुलखात झालेला नाही. १९२६ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मुलाला न मारता, न घाबरवता, त्याच्या कलाने शिकवायचे हा माँटेसोरीबाईंचा विचार दोघांनी गुजरातीत आणि मराठीत रुजवला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, नंतर मराठीत. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. एवढा भाग पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे, म्हणून इथे आटोपता घेतो. ध्यानात ठेवायचे ते इतकेच की तोवरचे सगळे काम शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांचे होते. लाकडी मिनार, दट्ट्याच्या पेट्या, रंगीत टिकल्या असले महाग साहित्य त्याला लागे. ताराबाईंना ही गोष्ट सलत होती. गांधीजींशी त्यांची बालशिक्षणाबद्दल चर्चा झाली होती, आणि खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत हे पोचणार नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता.

ताराबाई समुद्राकाठच्या बोर्डीला आल्या १९४५ मध्ये. बोर्डी निवडण्याचे कारण साधे होते. आचार्य शं. रा. भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्यासारखी माणसे तिथे होती. १९२० मध्ये स्थापन झालेले सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल होते आणि आदिवासी सेवा मंडळाच्या कामाची घडी बसत होती. त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या, पस्तिशीच्या बाई. त्या बोर्डीला काही काळासाठी म्हणून आल्या आणि १९९२ पर्यंत याच मुलखात राहिल्या.

इथे थोडे थांबायला हवे, कारण संस्थांच्या इतिहासात हे वर्ष बहुतेक वेळा निम्मेच सांगितले जाते. त्याच १९४५ च्या २३ मे रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात आणि आजच्या तलासरीत असलेल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. लाल बावट्याचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला तेव्हा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. गोदावरीबाईंनी हे सगळे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिले. म्हणजे बोर्डीत बालवाडीची तयारी होत होती तेव्हा काही कोसांवर कुरणे ओस पडली होती आणि गवत उभेच्या उभे वाळत होते.

दोन्ही कामांची माणसे वेगळी, राजकारण वेगळे. भिशांचे वर्तुळ काँग्रेसचे, झरीचे लाल बावट्याचे. एकमेकांबद्दल त्यांचे मत फार गोड असणे शक्य नव्हते. तरी घरे तीच होती. बापाने वेठ नाकारली, मजुरीचा दर पौंडावर ठरवून घेतला, म्हणूनच पोराला ढोरांमागून थोडे सोडवून शाळेत पाठवण्याचा विचार त्या घरात शिरू शकला, असे मला वाटते. स्मरणिकेच्या गौरवात झरीचे नाव आले तर कोणाचे काही उणे होत नाही.

बोर्डीतला पहिला धडा संस्थेनेच शिकला. मध्यवर्ती बालवाडी उघडली, तर गावातली मुले आली आणि ज्यांच्यासाठी ती उघडली त्या हरिजनवाड्यातली व पाड्यांवरची येईनात. लहानगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत, मोठी कामाला जात. तेव्हा ताराबाई-अनुताईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या दारात नेली. कोणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, मुलांना गोळा करायचे, न्हाऊ-माखू घालायचे, खरूज धुवायची, नखे काढायची आणि मग गाणे, गोष्ट, खेळ. अंगणवाडी ही अशी निघाली. साहित्याचाही प्रश्न त्याच अंगणात सुटला. लाकडी टिकल्यांच्या जागी चिंचोके आणि गुंजा, मण्यांच्या जागी किनाऱ्यावरचे शिंपले, रंगांच्या पेट्यांच्या जागी गेरू, कोळसा आणि पानांचा रस. मुंबईच्या माँटेसोरी वर्गात जे दुकानातून येई ते इथे मुलेच वेचून आणत, आणि वेचताना निम्मा पाठ होऊन जाई. मोठे-लहान, जड-हलके, गुळगुळीत-खरबरीत हे शिकवायला शिंपल्यांच्या ढिगासारखे साधन कारखान्यात बनत नाही.

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडला हलले. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था १९४९ पासून होती, आणि भोवताली सगळे वारली पाडे. बोर्डी कितीही झाले तरी बागायती गाव. पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या, हायस्कूल, समुद्र. कोसबाडला आल्यावर संस्था खऱ्या अर्थाने कुरणाच्या मुलखात आली.

तिथे अंगणवाडीही पुरी पडेना. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणात भेटत. सहा ओलांडली की ती अंगणातून नाहीशी होत, कारण मूल काठी धरण्याएवढे झाले की त्याच्याकडे ढोरे येत. स्वतःच्या घरची दोन-चार, नाहीतर दुसऱ्याची दहा-वीस. दुसऱ्याची राखली तर वर्षाला थोडे धान्य, अंगाला कापड आणि दुपारची भाकर. त्या भाकरीचा हिशोब घरात पक्का होता. मूल शाळेत गेले तर ती भाकर कोण देणार, याचे उत्तर कुठल्याही सक्तीच्या कायद्यात नव्हते. अकरा ते पाच ही सरकारी शाळेची वेळ म्हणजे नेमकी चरणीची वेळ.

यावर जो उपाय निघाला तो माझ्या मते संस्थेच्या शंभर वर्षांतला सर्वांत धाडसी आहे. मूल ढोरे सोडून शाळेत येत नाही ना, मग शिक्षकाने ढोरांमागे जावे. कुरणशाळा ती हीच. हजेरीपट, चित्रे, पाट्या, गोष्टींची पुस्तके एवढे घेऊन गुरुजी मुलांबरोबर माळावर जात. गुरे राखणाऱ्याला दिवसभर सारखेच काम नसते. सकाळी ढोरे भुकेली असतात, पांगतात, तेव्हा डोळा काढता येत नाही. उन्हे चढली, पोटे भरली की ती सावली धरून बसतात आणि रवंथ करू लागतात. मग पोरेही झाडाखाली येतात. बेचक्या, सूरपारंब्या, पावा, भांडणे असा हा मोकळा वेळ, आणि शाळेने बरोबर तोच धरला. पाळीपाळीने एक-दोघांनी ढोरांकडे पाहायचे, बाकीच्यांनी शिकायचे. ढोर उठले की पाठ थांबला. शाळा तपासायला आलेल्या साहेबाला हे वेळापत्रक कसे वाटत असेल, याची कल्पना करायला मला आवडते.

शिकवायचे काय, यालाही जमिनीवरच उत्तर मिळाले. गुराख्याला निसर्ग शिकवायला जाणे हा आगाऊपणाच. कोणत्या झुडपाला ढोर तोंड लावत नाही, कोणता पाला खाल्ल्याने पोट फुगते, पाण्याची जागा उन्हाळ्यात कुठे टिकते, बिबट्या कोणत्या ओहळाने उतरतो, हे गुरुजींना मुलांकडूनच शिकावे लागे. गणिताचेही तेच. वीस ढोरांतले एक मागे राहिले तर गुराख्याला ते मोजल्याशिवाय कळते, कारण त्याच्यासाठी ती वीस नसतात, वीस वेगवेगळी जनावरे असतात. त्याला संख्या शिकवायची म्हणजे त्याच्या या ओळखीवर आकडा चढवायचा. खडे, पाने, बिया मांडून बेरीज-वजाबाकी होई. जमिनीवर काठीने अक्षर काढता येई. आणि अक्षर-आकडा आला की वखारीचा काटा आणि दिवाणजीची वही ही कोडी राहत नाहीत. संस्थेने हे उद्दिष्ट म्हणून मांडलेले असो वा नसो, पाड्यावरच्या बापाला शाळेचा हा उपयोग सर्वांत आधी पटला असणार.

आदिवासींच्या वर्षात गुराख्याचा स्वतःचा सण आहे. आश्विनातली वाघबारस. गावोगावचे गुराखी रानात जमतात, वाघदेवाला पूजतात, आमची ढोरे सांभाळ म्हणतात आणि तिथेच रांधून खातात. इतरत्र त्याच बारशीला गाय-वासराची पूजा होते. इथे पूजा त्या गाईला खाणाऱ्याची. ही रानातली पंगत, वाघाचे लाकडी पाट, तारप्याचा नाच, लग्नाच्या चौकातली पालघट देवी आणि तिच्यापुढे लग्न लावणारी धवलेरी म्हणते ती गाणी, एवढा सगळा अभ्यासक्रम कुरणशाळेच्या आधीपासून मुलांच्या डोक्यात होता. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हे १९३४ साली जन्मलेले. त्यांच्या चित्रांतली गुरे, शेते, मासेमारीची जाळी साऱ्या जगाने पाहिली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते शाळेत घडले नाहीत. तरी ते ज्या मुलखातून आले त्याच मुलखातली मुले आपल्यापुढे बसली आहेत, हे ज्या शिक्षकाला कळते तो त्यांना कोरी पाटी समजत नाही.

राहिली भाषा. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात वारलीची नोंद घेतली ती बोली म्हणून. अलीकडच्या भाषांच्या लोकसर्वेक्षणाने तिला स्वतंत्र मान दिला. पाड्यावरच्या मुलाला या वर्गवारीशी कर्तव्य नाही. त्याला एवढेच समजते की बाई बोलतात ते घरच्यासारखे आहे की नाही. म्हणून बालवाडी चालवायला पाड्यावरचीच मुलगी तयार करायची, तिला प्रशिक्षण द्यायचे, आणि तिने मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलत हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे न्यायचे, ही वाट योग्य होती. ती पूर्ण चालली गेली का? पहिलीचे सरकारी पुस्तक प्रमाण मराठीत येई, परीक्षा प्रमाण मराठीत होई. बालवाडीत मोकळे बोलणारे मूल पहिलीत गप्प होई. हा अडथळा एका संस्थेच्या आवाक्यातला नव्हता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण असावे असे म्हटले आहे. कोसबाडला हे पन्नास-साठ वर्षे आधी कळले होते, पण कळण्याने पुस्तके छापली जात नाहीत.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. कॅनडाच्या पश्चिमेच्या गवताळ मैदानांवर क्री नावाचे आदिवासी राहतात. गव्यासारख्या बायसनच्या कळपांवर त्यांचे जगणे होते. ते कळप गोऱ्यांच्या शिकारीने संपत आले तेव्हा, १८७६ मध्ये, त्यांनी राणीच्या सरकारशी सहावा तह केला. त्यात राखीव वस्त्यांवर शाळा चालवण्याचे वचन आहे. पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, त्याच सरकारने शेजारच्या दक्षिण अल्बर्टातील कुरणे मोठ्या गुरेपालकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. एकेकाला लाख एकरांपर्यंत, एकवीस वर्षांसाठी, एकराला वर्षाला एक सेंट. दुसरीकडे मैदानांवरच्या राखीव वस्तीतल्या क्री शेतकऱ्याला स्वतः कापलेले गवत किंवा स्वतःचे जनावर विकायचे तरी सरकारी एजंटाचा परवाना लागे. डहाणूच्या वाचकाला हे वाचताना परके वाटणार नाही.

त्या गुरेपालकांचे दप्तर आज नीट जपलेले आहे. कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहातल्या खतावण्या, पत्रे, छायाचित्रे अभ्यासक जाऊन पाहतात. क्रींच्या मुलांचे काय झाले? तहात मागितलेली शाळा वस्तीवर यायची होती. प्रत्यक्षात हजारो मुलांना घरातून उचलून दूरच्या निवासी शाळांत घातले गेले आणि स्वतःच्या भाषेत बोलले तर शिक्षा झाली. क्री भाषेला १८४० पासून स्वतःची लिपीसुद्धा होती आणि घराघरांत लोक ती वाचत-लिहीत, तरीही. १९७० साली अल्बर्टातल्या ब्लू क्विल्स या निवासी शाळेत आईबापांनी ठाण मांडले आणि शाळा आपल्या ताब्यात घेतली. तिथे भाषा परत यायला सुरुवात झाली ती तेव्हा. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

मूल आणि शाळा यांत अंतर असेल तर ते कोणी तोडायचे, हा दोन्हीकडचा एकच प्रश्न. कॅनडाच्या सरकारने ते मुलाकडून तोडून घेतले. कोसबाडला ते अंतर शिक्षक चालून गेला. आपल्याकडे सरकारी आश्रमशाळांची वाट यापेक्षा वेगळी आहे आणि तिची तुलना क्रींच्या शाळांशी करणे अन्यायाचे होईल. तरी लहान मुलाला पाड्यापासून तोडून वसतिगृहात ठेवण्याचा सोपा मार्ग आपणही बराच वापरला आहे, आणि कुरणशाळेचा अवघड मार्ग फारसा वापरलेला नाही.

पुढचे थोडक्यात. शिशुघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी कोसबाडला आकाराला आली. धाकट्याला शिशुघरात ठेवले की त्याला सांभाळणारी आठ वर्षांची ताई पहिलीत बसू शके, इतके साधे तिचे गणित. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणातल्या अंगणवाडीचे काय राहिले आणि काय सुटले, हा वेगळ्या लेखाचा विषय. खाऊचे वाटप, वजनाचा काटा आणि नोंदवह्या यांच्या भाराखाली सेविकेच्या हातात गोष्टीसाठी किती वेळ उरतो ते प्रत्येक सेविका जाणते. कुरणशाळेला मात्र सरकारी योजनेचे भाग्य लाभले नाही. कदाचित तिची संख्या मोजता येत नाही म्हणून. झाडाखालच्या शाळेला इमारत नाही, म्हणजे ठेकाही नाही.

अनुताईंनी ताराबाईंनंतर जवळजवळ वीस वर्षे संस्था पुढे नेली. ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, डहाणूत मूकबधिर मुलांची शाळा उभी केली, स्त्रियांच्या प्रश्नांत उतरल्या. १९८४ मध्ये पद्मश्री, १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर १९८२ मध्ये सुरू झालेल्या ग्राममंगल या संस्थेचे काम डहाणू तालुक्यातच ऐने गावी वाढले. चारोटीहून डहाणूकडे येणाऱ्या वाटेच्या आसपासचा हा टापू बालशिक्षणाच्या नकाशावर राहिला तो असा.

मुलूखही बदलला. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. १९५३ मध्ये शेजारच्या पारडीत गवताची कुरणे नांगरून धान्य पिकवण्यासाठी सत्याग्रह झाला. इकडे कूळकायदा आला, जमिनी काही मिळाल्या, काही कागदावर मिळाल्या. महामार्गावर दापचरीला सरकारी दुग्धप्रकल्प निघाला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. गवत अजून कापले जाते, वखारी अजून आहेत, फक्त गाठी आता ट्रकने जातात. सात वर्षांचा गुराखी पूर्वीइतका दिसत नाही. वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेले, सहा महिने शाळेच्या पटावर असून वर्गात नसलेले मूल मात्र दिसते. त्याच्यासाठी भट्टीवर वर्ग भरवणारे शिक्षक काही ठिकाणी आहेत, आणि मला तेच कुरणशाळेचे खरे वारस वाटतात.

शताब्दीच्या निमित्ताने एक काम तातडीचे आहे. कुरणशाळेत शिकलेली मुले आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित झाले पाहिजे. ढोरे कोणाची होती, किती होती, मोबदला काय मिळे, गुरुजी कोणत्या झाडाखाली बसत, पहिले अक्षर कोणते आले, हे सगळे. त्या काळचे हजेरीपट, मुलांची चित्रे, शिक्षकांच्या दैनंदिन्या यांच्या प्रती व्हायला हव्यात. आणि दुसऱ्या बाजूचेही दप्तर सोडू नये. डहाणू, घोलवड, उंबरगावच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर गवताच्या वखारींच्या खतावण्या असतील. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी रद्दीला घालण्याआधी निदान छायाचित्रे काढू द्यावीत. एका वहीत पाचशे पौंडांचा हिशोब आणि दुसऱ्या वहीत त्याच पाड्यावरच्या मुलाची हजेरी, दोन्ही एका टेबलावर ठेवून वाचता आल्या तर या तालुक्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला निम्म्या पुराव्यावर लिहावे लागणार नाही.